कधीपासून

हासी म्हणजे विहीर.
मसऊद नावाच्या कुणाला इथे पाणी लागलं होतं, म्हणतात.
नंतरच्यांना तेल लागलं.
आणि आता बेलकासेमला
त्या तेलाचा एक आकडा हवाय, संध्याकाळच्या आत.

सत्तावीस नंबरची नळी पुन्हा आवळलीय.
तेल वर येता येता दाब उतरतो
आणि काळं काहीतरी नळीला आतून धरून बसतं.
टोल्युईनने धुतली की महिनाभर मोकळी,
मग पुन्हा तेच.
फोनवर तो ओरडतो, त्याच्यामागे वारा, वाऱ्यात वाळू:
"तास्सादित, कधी सुटतं तेवढं सांग. बाकी काही नको."

कधी सुटतं.
एक ग्रॅम तेल. पलीकडे अवरक्त दिवा, अलीकडे यंत्राचा डोळा.
पंप हेप्टेन सोडतो, मिनिटाला दोन थेंब.
तेल पातळ होत जातं, उजेड वाढत जातो,
पडद्यावरची रेघ चढते
आणि नवख्याला वाटतं, छान चाललंय.
मग कुठल्याशा थेंबाला ती थबकते.
खाली वळते.
तिथे बोट ठेवायचं : १.९ मिलिलिटर.
सगळ्यात जास्त उजेड होता, नेमकी तीच जागा.

तोवर राळेने त्यांना कडेवर घेतलेलं असतं,
त्या जड, काळ्या, कुणात न मिसळणाऱ्या पोरांना.
हेप्टेन भांडत नाही, तोडत नाही,
नुसती गर्दी करतो.
राळेची कड सुटते
आणि ती एकमेकांनाच धरतात.

सी मेझियान आता डोंगरात, त्यांच्या गावी असतात.
त्यांच्या उमेदीत हे यंत्र नव्हतं, गाळणकागद होता.
काचेच्या कांडीने एक थेंब टेकवायचे
आणि डाग पसरेपर्यंत कॉफी ओतून ठेवायचे.
डाग सगळीकडे एकसारखा तपकिरी : अजून आहेत एकत्र.
मधोमध काळा ठिपका : गेले.
कॉफी मात्र लगेच प्यायचे नाहीत.
"साका बसू दे," म्हणायचे,
"घाई केली की दातांत येतो."

पहिल्या वर्षी मी वही त्यांच्यापुढे धरली होती,
आकडा दोन दशांशांपर्यंत, खाली दुहेरी रेघ.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"हा केव्हाचा?"
सुरुवातीचा, मी म्हटलं.
"छे. तुला दिसला तेव्हाचा."
तेव्हा राग आला होता. दुहेरी रेघेसकट.

म्हणून काल रात्रीच सहा बाटल्या भरून ठेवल्या,
प्रत्येकीत आधीच्यापेक्षा थोडा कमी हेप्टेन,
आणि झोपायला गेले.
सकाळी एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली.
१.८ : मिरपूड सांडल्यासारखी.
१.६ : आहे.
१.५ : आहे, शोधावी लागते.
१.४ : एक, दोन, कोपऱ्यात आणखी एक,
काच पुसून पाहिली, काचेवरची धूळ नव्हती.
यंत्राने या सगळ्यांना निर्मळ म्हटलं असतं.
१.३ मध्ये काही नाही.
"काही नाही" खोडलं. लिहिलं : "अजून नाही."

बेलकासेमला दोन आकडे सांगितले.
"दोन? त्यातला खरा कुठला?"
दोन्ही. किती थांबतोस त्यावर आहे.
बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.
वाटलं, ठेवतोय आता आपटून.
मग म्हणाला, एरवीपेक्षा हळू,
"तळातून वर यायला तेलाला तीन तास लागतात.
मग तीन तासांचा दे ना."

हे मला सुचलं नव्हतं.
सी मेझियानना तरी सुचलं असतं का, कोण जाणे.
नव्या बाटल्या काढल्या, घड्याळ लावलं.
१.३ची बाटली धुवायला घेतली होती,
परत फळीवर ठेवली,
चिकटपट्टीवर आजची तारीख टाकून.